रंग वाढवले म्हणून शब्दकोश सोपा होत नाही

शब्दकोश ॲपबद्दलचा एक मेसेज सध्या आमच्या कोल्हापुरातल्या शिक्षकांच्या ग्रुपांवर फिरतोय. म्हणणं असं: पुल्लिंगी शब्द निळा, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरवा, अर्थ जांभळा, उदाहरणं फिकट करडी ठेवा, रंग जितके जास्त तितका कोश सोपा. दिसत नसेल त्यानं ब्राइटनेस वाढवावा, डार्क मोडचं फोन बघून घेतो, आणि रंगांधळे असतात तरी किती?

मी उद्यमनगरात बाहेरच्या राज्यांतून आलेल्या कामगारांना संध्याकाळी मराठी शिकवते. मला यातलं जवळजवळ काहीच पटलेलं नाही.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मला लागला. वर्गातला एक मोल्डर, म्हणजे साच्याचं काम करणारा कामगार, सतत ‘ते भाकरी’, ‘ती दूध’ लिहायचा. पाठ करत नाही म्हणून मी त्याला दोन-तीनदा रागावलेसुद्धा. मग एका संध्याकाळी त्यानं फोन माझ्यापुढं धरला आणि विचारलं, “मॅडम, यातला लाल कुठला?” ॲपमध्ये भाकरी लाल होती, दूध हिरवं. त्याला दोन्ही एकाच मातकट रंगाचे दिसत होते. त्या रागावण्याचं मला अजून वाईट वाटतं. लाल-हिरव्यातला हा दोष बहुतेक वेळा एक्स गुणसूत्रातून येतो, म्हणून पुरुषांत जास्त आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ जणांत एक. आपल्याकडं प्रमाण कमी धरलं, तरी हजारो लोक वापरतात त्या ॲपनं नेमकी हीच जोडी निवडायची?

आता ‘जास्त रंग’. अक्षर वाचता यायला ते आणि त्यामागची जमीन यांच्या उजेडात पुरेसा फरक लागतो. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी या दोन उजेडांचं गुणोत्तर किमान ४.५ सांगितलंय. पांढऱ्यावर काळ्याला २१ मिळतात, भडक हिरव्याला १.३७, पिवळ्याला जेमतेम १.०७. म्हणजे पांढऱ्यावर चालणारा प्रत्येक रंग गडदच हवा. आणि गडद निळा, गडद जांभळा, गडद हिरवा बारीक अक्षरांत शेजारी आले की तिन्ही काळ्याकडं झुकतात. वेगळे दिसावेत म्हणून उजळ करा, तर वाचता येत नाहीत. या चिमटीत माझ्या मते तीन रंग मावतात, ओढूनताणून चार.

रस्त्यावरची एमएच ०९ ची पेट्रोल-डिझेलवाली गाडी बघा. खासगी गाडीची पाटी पांढरी, टॅक्सीची पिवळी, अक्षरं दोन्हींवर काळीच. प्रकार जमिनीच्या रंगानं कळतो, नंबर वाचायचं काम काळ्या अक्षरांकडं. कोशातही लिंगाची खूण फिक्या रंगाच्या चौकटीत आणि शब्द काळा, असं का नको?

डार्क मोडचं गणित तर साधं आहे. कोणत्याही रंगाचं पांढऱ्यावरचं आणि काळ्यावरचं गुणोत्तर यांचा गुणाकार २१ येतो. पांढऱ्यावर ८.६ मिळवणारा निळा काळ्यावर २.४४ वर येतो. दोन जमिनींसाठी दोन रंगसंच बनवणाऱ्यानंच ठरवायचे असतात.

ब्राइटनेस वाढवला की जमीन आणि अक्षर दोन्ही उजळतात, त्यांच्यातलं गुणोत्तर वाढत नाही. रंकाळ्यावर दुपारी उभं राहून बघा: काचेवरचं ऊन दोन्हींत मिसळतं आणि मुळात कमी असलेला फरक आणखी घटतो. तिथं ब्राइटनेस थोडा हात देतो, पण मूळ गुणोत्तराच्या पलीकडं नेत नाही.

करड्या उदाहरणांचा मला सगळ्यांत राग आहे. ॲपवाल्यांच्या रंगांच्या कोडमधला हेक्स ९९९९९९ हा करडा पांढऱ्यावर २.८५ च मिळवतो. देवनागरीत त्याचा पहिला बळी अनुस्वार. टिंब पुसट झालं की ‘खंत’चं ‘खत’ होतं, ‘पंथ’चा ‘पथ’. शिकणाऱ्याला चूक झाली हे कळतही नाही, कारण दोन्ही खरे शब्द आहेत.

रंग नकोतच असं मी म्हणत नाही. पण मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत लिंग दाखवायला शब्दापुढं एकेक अक्षर पुरलं. आपल्याला तर ‘तो, ती, ते’ आयते आहेत; ते आधी लिहा, मग रंग द्या. आणि ॲप बाहेर सोडण्याआधी फोन ग्रेस्केलवर, म्हणजे सगळे रंग काढून, टाकून ‘भाकरी’ आणि ‘दूध’ उघडा. तेव्हाही लिंग कळत नसेल, तर आमच्या मोल्डरला ते कधीच कळणार नाही.