जॅनेट केला 'एका गाण्याची गायिका' म्हणू नका

१९७९ च्या ब्रिटिश हिट गाण्यांचा विषय निघाला की जॅनेट केचं 'सिली गेम्स' येतंच आणि पाठोपाठ तिच्याबद्दलचं ठरलेलं वाक्यही येतं: एक गाणं गाजलं, मग बाई गायब. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. ते ज्या हिशोबावर उभं आहे, तो हिशोबच खोटा आहे.

जॅनेटचा जन्म १९५८ चा, वायव्य लंडनमधल्या विल्सडनचा. (लंडनचं महाराष्ट्र मंडळ ज्या डॉलिस हिलमध्ये आहे, ते इथून हाकेच्या अंतरावर.) १९७७ मध्ये जमैकन गायक आल्टन एलिसने तिच्याकडून अमेरिकन गायिका मिनी रिपर्टनचं 'लव्हिंग यू' रेगे या जमैकन शैलीत गाऊन घेतलं. त्या गाण्याच्या वरच्या सुरांना हात घालायला भलेभले कचरतात. या नवख्या मुलीने ते पेललं आणि गाणं रेगेच्या चार्टवर पहिल्या नंबरला गेलं. राष्ट्रीय चार्टवर मात्र पत्ताच नाही!

कारण साधं होतं. राष्ट्रीय चार्ट तेव्हा निवडक दुकानांच्या विक्रीवरून ठरायचा. विकल्या गेलेल्या रेकॉर्डची नोंद दुकानदार एका वहीत करायचा आणि दर आठवड्याला ती वही मोजणीला जायची. रेगे खपायचं ते कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या छोट्या दुकानांत, नाहीतर थेट गाडीच्या डिकीतून. ही दुकानं त्या यादीत जवळपास नव्हतीच. लुईसा मार्क या शाळकरी मुलीचं १९७५ चं 'कॉट यू इन अ लाय' घ्या. लव्हर्स रॉक म्हणजे लंडनमध्ये जन्मलेलं रेगे प्रेमगीत, आणि त्याची सुरुवात या रेकॉर्डपासून मानतात. तेही राष्ट्रीय चार्टच्या बाहेरच राहिलं. ज्यांची विक्री मोजलीच नाही, त्यांना 'एकच हिट' म्हणून हिणवायचं, हा कुठला न्याय?

दुसरा अन्याय समीक्षकांचा. पुरुषांनी 'बॅबिलॉन'विरुद्ध, म्हणजे जुलमी सत्तेविरुद्ध गायलं तर ते गंभीर, विद्रोही रेगे. मुलींनी प्रेमावर गायलं तर ते मऊ, गोडगोड. पण ही गाणी वाजायची कुठे ते बघा. क्लबच्या दारावरून कृष्णवर्णीय पोरांना परत पाठवलं जायचं, म्हणून लोक घरातच पार्टी करायचे. त्याला 'ब्लूज' म्हणत. खोलीतलं फर्निचर बाहेर, भिंतीला टेकवलेले कपाटाएवढे स्पीकर, स्वयंपाकघरात मटणाची करी, दारात थोडे पैसे घेऊन प्रवेश. बाहेर १८२४ च्या व्हेग्रन्सी कायद्याच्या आधाराने पोलीस केवळ संशयावरून पोरांना उचलत होते. 'सिली गेम्स' लिहिणारा डेनिस बोव्हेल स्वतः लंडनमधल्या क्रिकलवूडच्या कॅरिब क्लबवर पडलेल्या पोलीस छाप्यानंतर सहा महिने तुरुंगात होता आणि अपिलात सुटला. अशा दिवसांत अंधाऱ्या खोलीत कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून नाचता येणं ही मला अजिबात किरकोळ गोष्ट वाटत नाही.

आणि ते गाणं तरी मऊ आहे का? तिला तो आवडतो, त्यालाही ती आवडते, पण तो बोलत नाही. ती रडत बसत नाही. तुझ्या या खेळांसाठी मला वेळ नाही, असं त्याला तोंडावर सांगते. बोव्हेलने चाल बांधली तीच उंच आवाजासाठी. रेगेत एरवी पहिला ठोका रिकामा सोडतात आणि वजन तिसऱ्यावर टाकतात, त्यामुळे समेची सवय असलेला आपला कान सुरुवातीला चाचपडतो. इथे त्यावर अस्वाद बँडचा ड्रमवादक ड्रमी झेब याची हाय-हॅट (ड्रमसोबतची झांजांची जोडी) सारखी चुळबुळत असते, खाली बास ऐसपैस चालतो आणि ध्रुवपदाच्या शेवटी जॅनेट तार सप्तकात अशी काही चढते की ऐकणारा श्वास रोखून धरतो. ना किंचाळी, ना कसरत. सूर अगदी नेमका लागतो. गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं.

मग ती गायब झाली म्हणे! १९८३ ते ८५ ती चॅनल फोरच्या 'नो प्रॉब्लेम!' या विनोदी मालिकेत होती. तिच्याच विल्सडनमधल्या कृष्णवर्णीय भावंडांची गोष्ट, आणि मालिकेच्या दोन लेखकांपैकी एक फारुख धोंडी, आपल्या पुण्यात जन्मलेले. नव्वदच्या दशकात तिच्या रेकॉर्ड जपानमध्ये उत्तम खपल्या. २०२० मध्ये दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीनच्या 'लव्हर्स रॉक' या चित्रपटात रेकॉर्ड संपल्यावरही सगळी खोली साथीशिवाय 'सिली गेम्स' गात राहते. त्या गर्दीत खुद्द बोव्हेल उभा आहे. एक्केचाळीस वर्षांनंतर जे गाणं लोकांच्या तोंडी आहे, ते गाणारी विस्मरणात गेली असं कोण म्हणेल?

हातात माइक घेऊन शब्दांची बरसात करणाऱ्या डान्सहॉलच्या, म्हणजे रेगेच्याच नाचऱ्या शाखेच्या, बायकांची कथा तर याहून खडतर. तिथे माइक पुरुषांच्याच हातात फिरायचा. तरीही रँकिंग ॲनने १९८२ मध्ये मॅड प्रोफेसर या संगीत निर्मात्याच्या अरिवा लेबलवर अख्खा अल्बम केला आणि पुढे पोलिसांना जादा अधिकार देणाऱ्या विधेयकावर थेट गाणं केलं. लॉर्ना जीने बेकार भत्त्याच्या चेकवर गाणं रचलं. हे विषय त्यांना सुचले, कारण ते त्यांच्या जगण्यातलेच होते.

ज्यांनी यातलं काहीच ऐकलं नसेल त्यांनी लुईसा मार्कपासून सुरुवात करा, मग जॅनेटचं 'लव्हिंग यू', मग कॅरल थॉम्पसनचा १९८१ चा 'होपलेसली इन लव्ह' पूर्ण. आणि कृपा करून हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही आणि बासशिवाय यातलं अर्धं गाणं हरवतं.