कांद्यावरची काजळी म्हणजे म्युकर नव्हे

"कांद्यावरचे काळे डाग आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा थर म्हणजेच म्युकरमायकोसिसची बुरशी. कांदे फेकून द्या. लागण झालीच तर तुरटी, हळद, सैंधव मोहरीच्या तेलात कालवून घ्या." 2021 साली कोविडनंतरच्या 'ब्लॅक फंगस'ची, म्हणजे म्युकरमायकोसिसची (थोडक्यात म्युकर), धास्ती होती. तेव्हाचा हा मेसेज आता आमच्या मधुमेही मावशीपर्यंत पोचलाय. तिने घरातले सगळे कांदे टाकून दिले. शुगर तपासायचं मात्र टाळतेच आहे.

कांद्याच्या पापुद्र्यावर बोटाला लागते ती काळी भुकटी बहुतेक वेळा ॲस्परजिलस नायजर नावाची वेगळीच बुरशी असते. सेलोटेप डागावर दाबा, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या थेंबावर चिकटवा आणि मायक्रोस्कोपखाली बघा: आडपडदे असलेले बारीक तंतू, सरळ दांडा, टोकाला गोल डोकं, त्यावर बीजाणूंच्या उघड्या माळा. म्युकरमायकोसिस बहुधा रायझोपस या बुरशीमुळे होतो. त्याचे तंतू रुंद, चपटे, आडपडदे जवळजवळ नाहीतच, फांद्या साधारण काटकोनात, बीजाणू पिशवीत बंद. सॅबुरॉड अगारवर (लॅबमध्ये बुरशी वाढवायचं खाद्य) तो कापसासारखा पांढरा-करडा वाढतो आणि दोन-तीन दिवसांत प्लेटच्या झाकणाला टेकतो. मग रुग्णाच्या तोंडात, टाळूवर काळं काय दिसतं? बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते, रक्त गोठतं, पुढचं मांस मरतं. तो काळा रंग मेलेल्या मांसाचा.

रायझोपस कांद्यावरही येतो, एवढं मान्य. पण तो कांदा मऊ, पाणचट होतो, तो टाकाच. नुसती काजळी असेल तर वरचे पापुद्रे काढा, धुवा, वापरा. फ्रिजचं रबर साबणाने पुसा, विषय संपला.

धोका कुणाला, हे 16 रुग्णालयांच्या अभ्यासात आलंय (इमर्जिंग इन्फेक्शस डिसीजेस, 2021). कोविडनंतर म्युकर झालेल्या 187 रुग्णांत सर्वाधिक आढळलेला मूळ आजार होता आटोक्यात नसलेला मधुमेह. त्याला चुकीच्या पद्धतीने दिलेल्या स्टिरॉइडची जोड. कांदा नव्हे.

सगळ्यात घातक आहे तो तुरटीचा उपाय, कारण त्यात दिवस जातात. मेलेल्या भागात रक्तच पोचत नाही, म्हणून शिरेतून दिलेलं ॲम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषधसुद्धा एकटं पुरत नाही. तो भाग ऑपरेशनने काढावा लागतो. पोटात घेतलेली हळद तिथे कशी पोचणार? मधुमेह्याला एका बाजूने गाल दुखणं, डोळा सुजणं, नाकातून काळसर स्राव येणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकून मायक्रोस्कोपखाली बघायची तपासणी त्याच दिवशी होते. कल्चरसाठी (लॅबमध्ये बुरशी वाढवून बघण्यासाठी) काढलेला मांसाचा तुकडा सलाईनमध्ये पाठवायचा, फॉर्मलिनमध्ये नाही (त्यात बुरशी मरते), आणि लॅबमध्ये तो वाटायचा नाही, बारीक कापायचा; वाटला की नाजूक तंतू फुटतात आणि बुरशी असूनही प्लेट कोरी राहते.