तीन दिवस पुरत नाहीत हो!

खरी फुलं रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या पातळ द्रवात, घालून दागिने करण्यावरचा तुमचा लेख छान आहे, पण ‘फूल तीन दिवस पुस्तकात दाबा आणि रेझिनमध्ये घाला’ हे वाचून दचकलेच. माझी पहिली पाच-सहा पेंडंट अशाच घाईत वाया गेली. ओतली तेव्हा सुरेख दिसत होती. मग हळूहळू पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडल्या आणि देठापाशी बारीक बुडबुड्यांची माळच उमटली. फुलात उरलेला ओलावा, दुसरं काय!

आता मी फुलं टीपकागदात ठेवते, वर जाडजूड पुस्तकं रचते, पहिले काही दिवस कागद बदलते आणि मग दोन-तीन आठवडे तिकडे फिरकत नाही. पाकळी बोटात धरल्यावर पतंगाच्या कागदासारखी कुरकुरली की समजायचं, झालं. मधला फुगीर भाग मात्र फसवतो. तो मी मागून ब्लेडने हलकेच तासते.

रंगाचंही लिहायला हवं होतं. लाल फुलं वाळताना बहुतेक वेळा काळपट होतात, पिवळी त्या मानाने टिकतात. आणि सतत उन्हात राहिलं तर रेझिनमधलं फूलही फिकं पडतं, म्हणून माझे कानातले डबीतच असतात.

बाकी रेझिन आणि हार्डनर (त्यात मिसळायचं, ते घट्ट करणारं द्रव) अंदाजाने ओतू नका, पाकिटावरच्या प्रमाणातच घ्या. नाहीतर चिकट राहतं ते राहतंच. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. फोटोत तुमचे हात उघडे दिसले, म्हणून सांगतेय.