जर्मनची अट, मोडीची अट: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, एक दिवस जाऊ दिला आणि मग लिहायला बसले. कलेतिहासात पीएचडी करणाऱ्याला इंग्रजीखेरीज आणखी दोन भाषा वाचता आल्याच पाहिजेत, असं मी माझ्या लेखात म्हटलं होतं. तुम्ही विचारलंत, सातारा जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या मुली आधीच इंग्रजीशी झगडतात, त्यांच्या वाटेत जर्मन-फ्रेंचची आणखी धोंड कशाला? आणि आता भाषांतर मोबाइलच करून देतो.

धोंडेबद्दल तुमचं खरं आहे. ते मी लेखातच लिहायला हवं होतं. मी जर्मन शिकले ती दर शनिवारी साताऱ्याहून पहाटेची पुण्याची एसटी धरून. तिकीट आणि फी, दोन्ही वडिलांच्या पगारातून. ज्या विभागाला अट घालायची आहे त्याने ती भाषा स्वतः शिकवावी, आणि फुकट शिकवावी. नुसती परीक्षा घेऊन हात झटकणं हा अन्यायच आहे.

पण अटच काढून टाका, हे मला पटत नाही. बोलता यावं असं कुणी मागत नाही. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत एक उतारा देतात, शब्दकोश जवळ ठेवू देतात आणि ठरलेल्या वेळात भाषांतर करायला सांगतात. एवढंच. आणि या भाषांत आपल्याच घरचं किती लिहिलेलं आहे! फ्रेंच अभ्यासक झूव्हो-दुब्रय यांनी दक्षिणेतल्या मंदिरांवरचा ग्रंथ १९१४ मध्ये फ्रेंचमध्ये लिहिला. व्हिएन्नात शिकलेल्या कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांचं भारतीय कलेवरचं १९२४ चं पुस्तक जर्मनमध्ये आहे. अजिंठ्याच्या कथाचित्रांवरची जर्मन अभ्यासक श्लिंगलोफ यांची हस्तपुस्तिका २००० साली जर्मनमध्ये आली, इंग्रजीत २०१३ मध्ये. मधली तेरा वर्षं जर्मन न येणाऱ्या अभ्यासकाने ऐकीव माहितीवरच भागवायचं का?

आता मोबाइल. एका जर्मन लेखात ‘फोरलागे’ हा शब्द होता. मोबाइलने एकदा ‘सादर केलेला मसुदा’ केलं, पुढच्या परिच्छेदात ‘नमुना’. चित्रकार ज्यावरून चित्र काढतो ते समोर ठेवलेलं मूळ चित्र, म्हणजे फोरलागे. आपला गिरवायचा कित्ता म्हणा ना! दोन भिंतींवरची चित्रं एकाच कित्त्यावरून उतरली, की दुसऱ्या चिताऱ्याने पहिली भिंत पाहून आपलं चित्र काढलं, हा लेखाचा सगळा वाद त्या एका शब्दावर उभा होता. भाषांतर मात्र इतकं गुळगुळीत होतं की कुठे अडखळायला झालं नाही. चुकलंय हे कळायलाही थोडी भाषा यावीच लागते.

तुमच्या प्रतिक्रियेमुळे एक गोष्ट मात्र मला नव्याने दिसली. ‘परदेशी’ भाषा असं मी सरसकट लिहून गेले, ते चुकलं. विषय असेल तशी भाषा हवी. विजापूरच्या आदिलशाही चित्रांवर काम करायचं तर फारसी आधी. आणि तुमच्या विद्यार्थिनीला वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातल्या भित्तिचित्रांवर काम करायचंय, तर तिला मोडी आधी. ती लिपी आहे, भाषा नाही, हे मान्य. पण अट म्हणून तिला जर्मनइतकाच मान मिळाला पाहिजे.

एका जुन्या वाड्याचा खर्चाचा मोडी कागद मी वाचायला घेतला होता. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, एका ओळीतून दुसरी ओळ जणू हात न उचलता लिहिलेली. एका शब्दावर अर्धा दिवस अडले. संध्याकाळी लागला: हिंगूळ, म्हणजे लाल रंग. मग खाली पिवळ्यासाठी हरताळ, निळ्यासाठी नीळ, आणि प्रत्येकापुढे वजन. इतके दिवस ज्या लाल रंगाकडे मी नुसती बघत होते, तो बाजारातून किती तोळे आला ते समोर होतं. हे कुठल्याही इंग्रजी पुस्तकात मला मिळालं नसतं.

तिला रविवारी सकाळी माझ्याकडे पाठवा. मोडीपासून सुरू करू, जर्मन दिवाळीनंतर. फीचं नाव काढू नका, आणि वही दुरेघी आणायला सांगा.