निष्क्रियता आणि आळस एक कसे?

'निष्क्रियता' या शब्दावरच्या लेखात अर्थ सांगताना 'आळस' हा समानार्थी शब्द देऊन त्याला थेट आळसाच्या पंगतीला बसवले आहे, ते मला अजिबात पटले नाही. आळस हा स्वभावाचा दोष. निष्क्रियता या शब्दातून क्रिया होत नाही एवढेच कळते, का होत नाही ते कळत नाही. आजारपणाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

आरोग्यशास्त्रात तर या शब्दाला मापच आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस शारीरिक हालचाल सुचवते. तेवढी न करणारा तो शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय. म्हणजे दिवसभर मान मोडून टेबलावर काम करणारा कष्टाळू माणूसही यात येऊ शकतो!

रसायनशास्त्रातला वापर लेखात यायलाच हवा होता. हेलियम, निऑन, झेनॉन यांना पूर्वी सरसकट निष्क्रिय वायू, म्हणजे कशाशीही संयोग न पावणारे वायू, म्हणत. १९६२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार केले आणि त्या नावाला धक्का बसला (हेलियम, निऑन मात्र अजूनही जवळजवळ तसेच आहेत). त्यामुळे या वायूंसाठी 'राजवायू' हे नाव मला अधिक योग्य वाटते. लसीतला निष्क्रिय केलेला विषाणूही रोग घडवत नाही, पण प्रतिकारशक्ती जागी करतो.

समानार्थी शब्दांतून 'आळस' कृपया काढावा. 'क्रियाशून्यता' चालेल.