"पीएचडी करून काय दिवे लावणार?" त्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, कुठेही जा, हा मेसेज येऊन पडतोच. व्हर्जन वेगवेगळी असतात पण सार एकच: पीएचडीवाले सरकारी पैशावर पाच-पाच वर्षं ऐश करतात, त्यांचे विषय ऐकून हसू येतं, सोशल सायन्सवाले तर नुसते फॉर्म भरून घेत गावोगाव फिरतात, खरे शोध कंपन्या लावतात, आणि बाकी जे छापून येतं ते सगळं कॉपी-पेस्ट. शेवटी "काय दिवे लावणार?" हे असतंच. २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात सारथीच्या (मराठा-कुणबी समाजासाठीची सरकारी संस्था) फेलोशिपचा विषय निघाला तेव्हा तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार विधान परिषदेत हेच बोलले, आणि मग काय, मेसेजला वजनच आलं. पाठवणारे बहुतेक आपलेच काका-मामा असतात, त्यामुळे भांडण नको, एकेक मुद्दा घेऊ.

"विषय तरी बघा यांचे!"

ठीक आहे, बघू. अमेरिकेतला एक डॉक्टर, जॉन एंग, ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात बसून एका विषारी सरड्याच्या, म्हणजे गिला मॉन्स्टरच्या, विषात कुठली हार्मोन्स आहेत ते शोधत होता. फॉरवर्डमध्ये टाकायला एकदम फिट विषय, "सरड्याच्या विषावर सरकारी पगार". त्यातून १९९२ मध्ये एक्सेंडिन-४ नावाचं रसायन मिळालं आणि २००५ मध्ये त्याचंच डायबेटिसचं औषध अमेरिकेत मंजूर झालं, जीएलपी-१ या हार्मोनची नक्कल करणाऱ्या औषधांच्या वर्गातलं पहिलं. आज ज्या ओझेम्पिक या इंजेक्शनची सगळीकडे चर्चा आहे ते याच वर्गातलं (ते सरड्यापासून बनत नाही, उगाच नवीन फॉरवर्ड नको). किंवा यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यातले जंतू घ्या. थॉमस ब्रॉक १९६० च्या दशकात ते गोळा करत होता, एवढ्या तापलेल्या पाण्यात जगतं तरी कोण हे बघायला, बाकी काही हेतू नाही. त्यातल्या एका जंतूचं एन्झाइम उष्णता सहन करतं म्हणून पुढे पीसीआर टेस्ट व्यवहारात चालायला लागली. कोविडमध्ये आपल्या सगळ्यांच्या नाकात काड्या घातल्या ना, ती टेस्ट. १९६६ मध्ये कोणी त्या माणसाला विचारलं असतं, याचा उपयोग काय, तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. नुसतं शीर्षक वाचून संशोधन फालतू ठरवायची ही सवय, माझं भांडण आहे ते तिच्याशी.

"खरे शोध कंपन्या लावतात"

अर्धं खरं. औषधाच्या मोठ्या ट्रायल घेणं, कारखान्यात लाखो डोस बनवणं, हे युनिव्हर्सिटीचं काम नाही आणि तिला ते झेपणारही नाही. पण कंपनी येते कधी? कॅटालिन कारिको पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत एमआरएनएवर (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) काम करत राहिली, ग्रँट मिळेना म्हणून १९९५ मध्ये तिची पदावनती झाली, २००५ मध्ये तिचा आणि ड्रू वाइसमनचा महत्त्वाचा पेपर आला तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही, मग कोविड, मग त्यावरच बनलेली लस, आणि २०२३ मध्ये नोबेल. कंपन्यांनी अब्जावधी कमावले ते या बाईने आधीची सगळी धूळ खाल्ल्यानंतर. गूगलचं तेच, स्टॅनफर्डच्या ज्या डिजिटल लायब्ररी प्रोजेक्टमधून ते निघालं त्याला अमेरिकन सरकारचा पैसा होता. आणि भारतात तर हा मुद्दा अजूनच लंगडा. आपण जीडीपीच्या ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो (२०२०-२१ चा आकडा), आणि त्यात खाजगी कंपन्यांचा वाटा जेमतेम ३६ टक्के. दक्षिण कोरियात तो तीन चतुर्थांशाच्या वर आहे. म्हणजे आपल्याकडे कंपन्या शोध लावतात म्हणून सरकारने हात आखडावा असं म्हणायचं, तर आधी कंपन्यांनी पाकीट काढायला हवं ना.

"सोशल सायन्स म्हणजे टाइमपास, नुसते सर्व्हे"

इथे मी जरा जास्त वेळ घेणार, कारण सगळ्यात जास्त टिंगल याचीच होते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काय केलं? आधी मोजलं. किती बाळं जन्मली, किती गेली, कितव्या दिवशी गेली, कशाने गेली. म्हणजे तोच तो फॉर्म भरायचा उद्योग. मग ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला, अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा द्यायला शिकवलं, आणि तुलनेसाठी ४७ गावं जशी होती तशी ठेवली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली. १९९९ मध्ये लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं. ती ४७ गावं मोजली नसती तर कोणीही म्हणालं असतं, रस्ते झाले, पाऊस चांगला झाला, म्हणून मृत्यू कमी झाले. २०११ पासून सरकारने हीच पद्धत आशांमार्फत देशभर नेली. बाळंतीण घरी आल्यावर आशाताई ४२ दिवसांत सहा-सात वेळा बाळाचं वजन करायला, ताप बघायला येते ना, ते यातून आलंय. मेसेज पाठवणाऱ्या काकांच्या नातवाचं वजनही कदाचित तिनेच केलं असेल.

दुसरं उदाहरण उदयपूरजवळच्या खेड्यांचं. लसीकरण फुकट तरी मुलांना कोणी आणत नाही, का? "लोक अडाणी" हे उत्तर आपल्याकडे तयारच असतं. तिथे संशोधकांनी गावांचे गट पाडले. काही गावांत काहीच नाही, काहींत ठरलेल्या दिवशी न चुकता भरणारे कॅम्प, आणि काहींत कॅम्प अधिक प्रत्येक लसीमागे किलोभर डाळ, सगळ्या लसी पूर्ण झाल्या की जेवायच्या ताटांचा सेट. पूर्ण लसीकरण पहिल्या गावांत ६ टक्के, कॅम्पच्या गावांत १८, डाळीच्या गावांत ३९. आता गंमत बघा, डाळ वाटून खर्च वाढायला हवा, पण एका मुलाच्या पूर्ण लसीकरणाचा खर्च नुसत्या कॅम्पच्या जवळपास निम्मा आला, कारण नर्स दिवसभर बसूनच असायची, आता तिच्याकडे रांग लागली. हे घरी सोफ्यावर बसून कोणाला सुचलं असतं का? यात असलेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच प्रयोगांच्या पद्धतीसाठी.

"सगळं कॉपी-पेस्ट, पैसे भरून पेपर छापतात"

हा मुद्दा मी खोडणार नाही. पैसे घेऊन दोन दिवसांत काहीही छापणारी जर्नल्स आहेत, थिसिस लिहून देणारे आहेत, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर त्यांचे नंबर चिकटवलेले असतात. पण हे का वाढलं ते मेसेजमध्ये नसतं. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, पॉइंट मोजायला लागले, पेपर किती ते बघायचं, पेपरात काय आहे ते कोण वाचतंय, आणि पीएचडी जमा करायलाही पेपरची सक्ती झाली (ती यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये काढली). जिथे लॅब नाही, लायब्ररीत जर्नल नाही, आठवड्याला ढीगभर लेक्चर, त्या तालुक्याच्या कॉलेजातल्या सरांकडून वर्षाला अमुक पेपर मागितले तर बाजार उभा राहणारच. बरं, ही घाण उघडी कोणी पाडली? संशोधकांनीच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नल्स तपासली आणि त्यातली ८८ टक्के निकषात बसत नाहीत असं २०१८ मध्ये जाहीर छापलं. त्याच वर्षी यूजीसीने यादीतून चार हजारांहून जास्त जर्नल्स काढून टाकली. हाही रिसर्चच होता, आणि शीर्षक वाचून याचीही टिंगल करता आली असती.

"पाच वर्षं सरकारी पैशावर ऐश"

२०२३ पासून जेआरएफला (नेट परीक्षेतून मिळणारी केंद्राची संशोधन फेलोशिप) महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार, वर घरभाडं भत्ता. हे मिळतं फक्त नेट-जेआरएफ किंवा तशी फेलोशिप काढलेल्यांना, बाकीचे स्वतःच्या खिशातून नाहीतर तासिका तत्त्वावर शिकवून रेटतात. वय पंचविशी-तिशीचं, बरोबरचे मित्र नोकरीत स्थिरावलेले, आणि फेलोशिप वेळेवर येईल याची खात्री नाही. २०२३ मध्ये बार्टीच्या (अनुसूचित जातींसाठीची सरकारी संस्था) फेलोशिपसाठी पोरं आझाद मैदानात किती दिवस बसून होती ते पेपरात आलंय. फेलोशिपच्या जागा किती असाव्यात, निवड कशी व्हावी, पाच वर्षांनी हिशोब कसा घ्यावा, यावर जरूर वाद घाला, मीही घालीन. पण ३७ हजारांत पुण्यात खोलीभाडं, मेस, फिल्डवर्कचा प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे भागवून ऐश नेमकी कितीची उरते, तो हिशोब मेसेज लिहिणाऱ्याने एकदा मांडून दाखवावा.