"सेक्शन ८ नको" असं जाहिरातीत टाकायच्या आधी

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरमालकांमध्ये एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. म्हणे सेक्शन ८ चं व्हाउचर (कमी उत्पन्नवाल्यांना भाड्यासाठी केंद्र सरकारची मदत) घेणं ऐच्छिक आहे, घर आपलं मर्जी आपली, सरळ नाही म्हणा, घेतलंत तर पारखून भाडेकरू निवडता येत नाही, पैसे अडकतात आणि तो माणूस जन्मात निघत नाही.

"ऐच्छिक आहे" हे अर्धं खरंय आणि अर्ध्यातच घात आहे. १९६८ च्या केंद्राच्या फेअर हाउसिंग कायद्यात वंश, धर्म, अपंगत्व वगैरे आहे, उत्पन्न कुठून येतं ते नाही. टेक्सासने तर "व्हाउचरवाल्यांना नाकारू नका" असा नियम शहरांनी करूच नये म्हणून २०१५ मध्ये कायदा केला, कारण ऑस्टिनने आदल्या वर्षी केला होता. त्यामुळे हे लिहिणारा बहुतेक डॅलसचा असावा 😀 पण आपण राहतो न्यू जर्सीत, आणि इथल्या भेदभावविरोधी कायद्यात २००२ पासून कायदेशीर उत्पन्नाच्या स्रोतावरून भाडेकरू नाकारता येत नाही, त्यात व्हाउचर आलंच. "केंद्राचा प्रोग्राम ऐच्छिक आहे ना" हा युक्तिवाद न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टात १९९९ मध्येच करून झालाय, फ्रँकलिन टॉवर वन नावाची केस, मालक हरला. कॅलिफोर्नियातही २०२० पासून तेच. न्यू जर्सीतली एक सूट नीट लक्षात ठेवा, दोन घरांची बिल्डिंग आणि एका घरात तुम्ही स्वतः राहत असाल तर.

"निवडता येत नाही" हे साफ चूक. जुन्या घरमालकाला फोन करा, भाडं वेळेवर द्यायचे का, घर कसं ठेवलं विचारा, फक्त जे सगळ्यांना विचारता तेच. हो, "पगार भाड्याच्या तिप्पट हवा" म्हणून कटवायचं ही युक्ती चालत नाही, कारण तिप्पट धरायची ती भाडेकरूच्या वाट्याची. भाडं २४०० डॉलर आणि त्याचा वाटा ६०० असेल तर १८०० पुरे, ७२०० मागू नका.

पैसे अडकतात? भाडेकरू उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के देतो, उरलेले हाउसिंग ऑथॉरिटी (व्हाउचर चालवणारी सरकारी संस्था) थेट मालकाला देते. आधी घराचं इन्स्पेक्शन पास व्हावं लागतं, तो सुरुवातीचा उशीर मात्र खरा आहे, तिथे मी फॉरवर्डवाल्याच्या बाजूने. माझं इन्स्पेक्शन एका खिडकीच्या कडीसाठी फेल झालं, दुसरी तारीख मिळेपर्यंत घर रिकामं आणि हप्ता चालू, खूप चिडलो होतो. पण ती कडी तुटलेलीच होती हो, आधीच्या भाडेकरूने दोनदा सांगितलं होतं.

आणि "निघत नाही" म्हणाल तर इथे १९७४ च्या कायद्यामुळे ठोस कारणाशिवाय जवळपास कुणालाच काढता येत नाही, व्हाउचर असो नसो. उलट करार गंभीरपणे मोडून कोर्टातून बाहेर काढलं गेलं तर व्हाउचरही जातं, आणि ते मिळायला लोक वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर असतात, त्यामुळे तो माणूस तुमच्यापेक्षा जास्त जपून राहतो.

मुंबईत "नॉनव्हेजवाले नकोत" ऐकून तणतणत जिने उतरलेले आपणच ना?

फॉरवर्डच्या शेवटी "नो सेक्शन ८" अशी तयार जाहिरात दिलीय. ती ओळ छापणं हाच इथे कायदाभंग, भाडेकरू यायचीही गरज नाही, स्क्रीनशॉट पुरतो. ज्या दोघांनी कालच टाकलीय त्यांनी आज रात्रीच काढा.